नुसतं तोंड आलंय

सुरक्षा क्लिनिकमध्ये येणारा पुरुष खरी तक्रार सहसा पहिल्यांदा सांगत नाही. आधी त्याला उन्हाळी लागलेली असते, मग कंबर दुखत असते, मग 'अंगात उष्णताच फार' यावर गाडी येते. मी कार्ड भरत राहते. डॉक्टरांचं तपासून होतं, औषधं हातात पडतात, तो उठतो आणि दारापाशी त्याचे पाय घुटमळतात. "मॅडम, एक विचारू? तोंडाने केलं तर एड्स होतो का?"

कॉलेजातली मुलं हे विचारतात, एमआयडीसीतले कामगार विचारतात, ट्रकवाले विचारतात, निवृत्तीला टेकलेले गुरुजीही विचारतात. कुणी 'ओरल' म्हणतो, कुणी 'वरवरचं', कुणी काहीच न म्हणता नुसती हनुवटी हलवतो. समोर बाई बसली आहे याचा संकोच असतोच. 'सर नाहीत का?' असं विचारून परत गेलेलेही पुष्कळ आहेत.

मी एका सरकारी रुग्णालयात समुपदेशक आहे. लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्याला 'सुरक्षा क्लिनिक' म्हणतात, आणि शेजारच्या खोलीत एचआयव्हीची तपासणी होते ते आयसीटीसी. दोन्हीकडे पैसे पडत नाहीत. खाली ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांचे धंदे, वयं, नातीगोती मी बदलली आहेत. आजार तेवढे खरे ठेवलेत.

त्या दारातल्या प्रश्नाचं उत्तर दिलासा देणारं आहे. मुखमैथुनातून एचआयव्ही लागण्याची शक्यता फारच कमी असते. लाळेतून एचआयव्ही पसरत नाही. तोंडात वीर्य गेलं आणि नेमकं तेव्हा हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा तोंडात जखम असेल, तर तोंड लावणाऱ्याला थोडा धोका असतो. दुसऱ्याला त्याहूनही कमी. समोरची व्यक्ती एचआयव्हीसह जगत असेल, पण नियमित गोळ्यांनी तिच्या रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका खाली आला असेल, तर संबंधांतून तो पुढे जातच नाही. हे सगळं मी सांगते, आणि त्याच्या चेहऱ्यावर सरळ वाचता येतं: म्हणजे काही होत नाही. तो निघतो. मी म्हणते, बसा जरा. बोलायचं आहे ते यापुढचं.

एका अख्ख्या पिढीला आपण एकच आजार शिकवला. १९९२ मध्ये 'नाको' म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली, मग भिंती रंगल्या, पथनाट्यं झाली, २००२ च्या सुमाराला मुंबईत 'बलबीर पाशा' या एड्सच्या जाहिरातीतल्या पात्राचे फलक लागले. त्या कामाने माणसं वाचली, आणि माझी नोकरीही त्यातूनच आली, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. पण लैंगिक आजार म्हणजे एड्स, आणि एड्स नाही म्हणजे सगळं ठीक, हा हिशोबही तेव्हापासूनच लोकांच्या डोक्यात बसला. म्हाताऱ्या माणसांना गरमी म्हणजे सिफिलिस आणि परमा म्हणजे गोनोरिया माहीत आहेत. आजच्या पंचविशीतल्या मुलाला सिफिलिस म्हटलं की तो विचारतो, "तो इंग्रजांच्या काळात होता ना?"

एक जोडपं मला नेहमी आठवतं. बाई पाच महिन्यांची गरोदर, नाव नोंदवताना सगळ्यांच्या होतात तशा तिच्याही रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्यात सिफिलिस निघाला. तिला काही त्रास नव्हता. लग्नाला दोनेक वर्षं. नवऱ्याला बोलावलं. मोबाईल दुरुस्त करणारा सरळ मुलगा. त्याच्याही रक्तात निघाला. त्याने आईची शपथ घेतली, "मी बाहेर कुठे गेलेलो नाही मॅडम." तो खोटं बोलत नव्हता, असं मला तेव्हाही वाटलं. त्याच्या हिशेबात 'जाणं' म्हणजे बाईकडे जाणं. मी प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारला: कुणाशी तोंडाचा संबंध आला होता का? बराच वेळ तो टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिला. एक मित्र होता. "पण ते काय संबंध नव्हेत ना."

मग मी ओठांबद्दल विचारलं. तर हो, काही महिन्यांपूर्वी खालच्या ओठाच्या आत एक फोड आला होता. नुसतं तोंड आलं होतं, म्हणाला. मेडिकलवाल्याने बी-कॉम्प्लेक्स दिलं, लावायला जेल दिलं, आईने जाईची पानं चघळायला लावली, पोट साफ होण्याचं चूर्ण झालं. आणि फोड गेला.

तोच तर घोळ आहे. सिफिलिसचा पहिला व्रण कुणी काही न करताही जातो. जंतू शिरल्यापासून साधारण तीन आठवड्यांनी तो उमटतो, कधी दहा दिवसांत तर कधी तीन महिन्यांनी. जिथून जंतू शिरला तिथेच येतो: ओठावर, जिभेवर, टाळूवर, टॉन्सिलवर. बहुतेक वेळा एकटा असतो, हाताला कडक लागतो आणि दुखत नाही. तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतो. त्यामुळे त्या काळात जे काही खाल्लं-लावलं असेल त्याला यश मिळतं. जाईच्या पानांनी सिफिलिस 'बरा' केल्याची अशी कितीतरी प्रकरणं मी पाहिली आहेत. जंतू मात्र रक्तात उतरलेला असतो. काही आठवड्यांनी अंगावर पुरळ उठतं, तळहात-तळपायांवरसुद्धा, तोंडात पांढरट चट्टे येतात, आणि या काळात माणूस सर्वांत जास्त संसर्ग पसरवतो. पुरळाला ॲलर्जीच्या गोळ्या मिळतात. तेही जातं. मग वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही. या मुलाची बायको त्या मधल्या काळात सापडली.

हे अपवादात्मक आहे असं वाटत असेल तर एक आकडा सांगते. शिकागो शहरात १९९८ ते २००२ या काळातल्या नव्या सिफिलिस रुग्णांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा जवळपास १४ टक्के लोकांनी फक्त मुखमैथुन केल्याचं सांगितलं होतं. दुसरा कुठलाच संबंध नाही.

त्या नवरा-बायको दोघांनाही बेन्झाथिन पेनिसिलिन मिळालं. २४ लाख युनिट, दोन कुल्ल्यांत निम्मं-निम्मं. दुखतं, पण आजही त्याच्याइतकं खात्रीचं औषध नाही, आणि गरोदर बाईला वेळेत दिलं तर पोटातलं मूलही वाचतं. तिचं वाचलं. बाहेरचे पुष्कळ डॉक्टर ॲलर्जीच्या भीतीने हे इंजेक्शन द्यायला तयार नसतात, म्हणून लोक फिरत-फिरत आमच्याकडे येतात. बायकोने मला विचारलं, "यांना कुठून झालं?" मी म्हटलं, ते यांनीच तुम्हाला सांगायला हवं. त्याने काय सांगितलं मला माहीत नाही. विचारायचा मला हक्कही नाही.

'ते काय संबंध नव्हेत' हे वाक्य एकट्या त्याचं नाही. बाई कुमारी राहते, गर्भ राहत नाही, 'खरं काही' झालेलं नसतं, त्यामुळे लग्नाआधीची मुलं-मुली तोंडाच्या संबंधाला जमेतच धरत नाहीत. आणि कायदा नेमका उलट टोकाला बसला होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम ३७७ प्रमाणे नवरा-बायकोतलं मुखमैथुनसुद्धा, कागदावर का होईना, निसर्गविरुद्ध गुन्हा होतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांना त्यातून सोडवलं. घरच्यांच्या लेखी जे घडतच नाही आणि कायद्याच्या लेखी जो गुन्हा, ते दवाखान्यात कोण बोलणार? मराठीत ही कोंडी फोडायचा प्रयत्न र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' या आपल्या मासिकात केला. वाचकांच्या खासगी प्रश्नांना छापील उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला, १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी दंड झालाच. आज दंड होत नाही. प्रश्न दारात उभं राहूनच विचारला जातो, एवढंच.

दुसरं प्रकरण त्या मोबाईलवाल्याच्या बरोबर उलटं. नवी नवरी, लग्नाला महिनाही झाला नव्हता. खाली बारीक पाण्याचे फोड, भयंकर आग, लघवीला बसवेना. बरोबर सासू. सासूचा निकाल लागलेला होता: मुलगी आधीचीच तसली. मुलीला माहेरी पाठवायची भाषा सुरू झाली होती. नवरा बाहेर बाकावर बसलेला, त्याला आत बोलावलं, तर त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात वाळत आलेली खपली. विचारलं, हे कधीपासून? म्हणाला, लहानपणापासून, ताप आला किंवा जागरण झालं की येतं, आमच्या घरात सगळ्यांनाच येतं. सासूच्याच ओठावर डाग होता.

हर्पिसच्या विषाणूचा एक नंबरचा प्रकार, एचएसव्ही-१, हा मूळचा ओठांचा. बहुतेकांना तो लहानपणीच घरातल्यांच्या पाप्यांतून लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतल्या जगातल्या सुमारे दोन तृतीयांश माणसांच्या अंगात तो आहे. एकदा आला की मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि अधूनमधून वर येतो. ओठाला फोड असताना तोंडाने संबंध आला, की तोच विषाणू खाली लागतो. कधीकधी फोड दिसत नसतानाही. त्या मुलीचं कुणाशी काही नव्हतं, मुलाचंही नव्हतं. असायक्लोविरच्या गोळ्यांनी आठवड्याभरात ती बरी झाली. सासूला समजवायला त्याहून जास्त वेळ लागला. शेवटी डॉक्टरांनी तिला तिच्याच ओठावरचा डाग आरशात दाखवला, तेव्हा ती गप्प झाली. कुणावर बदफैलीचा शिक्का मारण्याआधी ओठ बघा, असं मी तेव्हापासून नवीन नर्सना सांगत आले आहे.

घशातला परमा, म्हणजे गोनोरिया, ही मात्र वेगळीच जात. त्याची गोष्ट सांगायला माझ्याकडे रुग्ण जवळजवळ नाहीत, कारण रुग्णाला काही होतच नाही. लिंगात झाला तर पू येतो, जळजळतं, माणूस धावत येतो. घशात झाला तर बहुतेकांना साधी खवखवही नसते. आमच्याकडे पू येण्याच्या तक्रारीवर राखाडी किट मिळतं, त्यात सेफिक्झिमची आणि ॲझिथ्रोमायसिनची गोळी असते. खालचा आजार त्याने बरा होतो. घशात औषध नीट पोहोचत नाही, तिथला जंतू गोळ्यांना पुरा बधत नाही. घशासाठी सेफ्ट्रायॲक्सोनचं इंजेक्शन भरवशाचं, आणि नंतर पुन्हा स्वॅब घेऊन जंतू गेल्याची खात्री करायची. आमच्यासारख्या ठिकाणी घशाचा स्वॅब परम्यासाठी पाठवणं हे रोजचं काम नाही. त्यासाठी मोठं शहर गाठावं लागतं.

दुर्लक्ष करावं असं हे प्रकरण नाही. घशात एरवीच राहणारे निरुपद्रवी जिवाणू परम्याच्या जंतूच्याच कुळातले असतात. आपण सर्दी-खोकल्याला मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या ॲझिथ्रोमायसिनने ते आधीच निर्ढावलेले असतात, आणि त्यांची प्रतिकाराची जनुकं परम्याचा जंतू उचलतो. सेफ्ट्रायॲक्सोनलाही दाद न देणारा परम्याचा पहिला वाण २००९ मध्ये जपानमधल्या क्योतो शहरात सापडला, तो एका देहविक्रय करणाऱ्या महिलेच्या घशात. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या एका रुग्णाच्या घशातला परमा नेहमीच्या औषधांनी जाईना, शेवटी रुग्णालयात ठेवून शिरेतून अर्टापेनेम द्यावं लागलं. हे औषध एरवी गंभीर आजारी माणसांसाठी राखून ठेवतात.

एचपीव्हीबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यात माझ्या खोलीत करण्यासारखं फारसं नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा हाच विषाणू, विशेषतः त्याचा १६ नंबरचा प्रकार, जिभेच्या मुळाशी आणि टॉन्सिलमध्येही कर्करोग करतो. हॉलिवूडचे अभिनेते मायकल डग्लस २०१३ मध्ये आपल्या आजाराबद्दल हे उघड बोलले तेव्हा जगभर चर्चा झाली. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचं पहिलं कारण अजून तंबाखूच आहे. पण लस आता पुण्यातच बनते. सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्वाव्हॅकला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, ९ ते २६ वयाच्या मुलींसाठी आणि मुलग्यांसाठीही. मुलग्यांसाठी म्हटलं की आईबाप चमकून बघतात.

तंबाखूचा विषय निघालाच आहे तर, आमच्या भागातलं तोंड हे निरोगी तोंड नसतं. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, आणि आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या टपरीवर काय मिळतं ते मला माहीत आहे. मावा, तंबाखू-चुना, बायकांची मिसरी. गालाची आतली कातडी सोललेली, हिरड्या घासल्या की रक्त, काहींचं तर तोंडच दोन बोटांपलीकडे उघडत नाही. पुस्तकात 'तोंडात जखम असल्यास धोका वाढतो' असं वाक्य असतं. इथे जखम नसलेलं तोंड शोधावं लागतं. मी हल्ली प्रत्येक पुरुषाला तंबाखूबद्दल विचारते, तेव्हा त्यांना वाटतं मॅडम विषय बदलतायत.

सगळ्यांत शहाणे रुग्ण कोण, असं विचाराल तर देहविक्रय करणाऱ्या बायका आणि त्यांच्या संस्थांतून येणाऱ्या तृतीयपंथी आणि समलिंगी व्यक्ती. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या प्रकल्पांमध्ये दर तीन महिन्यांनी तपासणी आणि वर्षातून दोनदा सिफिलिसची चाचणी ठरलेली असते. त्या येतात, खुर्चीवर बसतात आणि न विचारता सांगतात: तोंडाचं गिऱ्हाईक होतं, कंडोम नव्हतं, घसा बघा. एकीने मला ऐकवलं होतं, "ताई, तो स्ट्रॉबेरीचा वास काय देवापुढे लावायला दिलाय का?" तिला फ्लेवरवाल्या कंडोमचं कारण ठाऊक होतं. पांढरपेशा घरातल्या पदवीधर मुलाला ते मी समजावलं तेव्हा तो चकित झाला. त्याला वाटे, रबराचा वास मारायला सुगंध घालतात. दोष त्याचा नाही. जाहिरातीत चॉकलेट दिसतं, कशासाठी ते दिसत नाही, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने सकाळी ६ ते रात्री १० त्या जाहिराती दाखवू नका असं वाहिन्यांना सांगितलं, त्यामुळे तेवढंही गेलं.

संसारी बायकांचं सांगणं निराळं असतं. "मोबाईलवर बघतात आणि मला करायला लावतात." इथे मी आजाराचं बोलणं बाजूला ठेवते. नको असेल तर नको म्हणायचा तिला हक्क आहे, हे आधी. मग नवऱ्याला वेगळं बोलावून, ओठाला फोड असताना, हिरड्यांतून रक्त येताना हे का करू नये ते सांगते. जंतूचं कारण दिलं की पुरुष ऐकतो. बायकोच्या इच्छेचं कारण दिलं तर ऐकत नाही, हा माझा कडू अनुभव आहे.

काय करायचं ते अवघड नाही. पुरुषावर करताना साधा किंवा फ्लेवरचा कंडोम. सरकारी निरोध फुकट मिळतो, त्याला चव नाही पण काम तेच. स्त्रीवर करताना कंडोमचं टोक आणि खालची कडा कापून, उभा चिरून त्याचा चौकोनी पडदा होतो, तो मध्ये धरायचा. नुकतेच दात घासून आलात तर थांबा, ब्रशने हिरड्यांना बारीक ओरखडे पडतात. चूळ भरून किंवा माउथवॉशने काही टळत नाही. परम्यासाठी माउथवॉशवर ऑस्ट्रेलियात रीतसर चाचण्या झाल्या, उपयोग दिसला नाही. तोंडात किंवा खाली कुठलाही व्रण असेल तेव्हा करू नका. साधं तोंड आलं की तिखटाने झोंबतं. न झोंबणारा, एकटा, कडक फोड आला तर जाईच्या पानांवर थांबू नका. दोन आठवड्यांपुढे टिकलेला कुठलाही व्रण तर दाखवायलाच हवा, तंबाखू खाणाऱ्यांनी आधी. आणि एचआयव्हीची खरीच भीती वाटावी असा प्रसंग घडला असेल तर ७२ तासांच्या आत या, तेवढ्या वेळातच प्रतिबंधक गोळ्या सुरू करता येतात.

डॉक्टरमंडळींना एक विनंती आहे. 'बाहेर संबंध आला होता का' या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर खरं असूनही अपुरं असतं. 'तोंडाचा संबंध आला होता का' असं स्पष्ट शब्दांत विचारा, आणि टॉर्च लावून ओठाची आतली बाजू, जीभ, टॉन्सिल बघा. तळहातावर पुरळ असेल तर ॲलर्जीची गोळी लिहिण्याआधी व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्तचाचणी, करून घ्या. आणि तुम्ही रुग्ण म्हणून येणार असाल तर दारापर्यंत जाऊ नका, खुर्चीत बसल्या-बसल्याच सांगा. जमत नसेल तर आधी १०९७ या हेल्पलाइनवर बोला, फोन फुकट आहे.